विण्याचा पहारा

हल्ली 'सेल्फ केअर' हा शब्द फार कानावर येतो. पेपरच्या पुरवणीत, मोबाइलवरच्या व्हिडिओत, ऑफिसातल्या नव्या पोरींच्या बोलण्यात. स्वतःसाठी वेळ काढा, सुगंधी मेणबत्ती लावा, आवडीचं गाणं ऐका, 'नाही' म्हणायला शिका. ऐकायला बरं वाटतं. पण याला आपल्याकडचा नेमका शब्द कोणता, हे शोधायला गेले आणि अडकलेच. 'स्वतःची काळजी घे' हे आजारी माणसाला सांगतात. आमच्या इंदापूर-बारामतीकडे कुणी घरातून निघालं की उंबऱ्यात उभं राहून म्हणतात, "जिवाला जप गं." पण गंमत बघा, हे वाक्य नेहमी दुसऱ्याला म्हणायचं असतं. आरशात बघून स्वतःलाच "जिवाला जप" म्हणणारी बाई मी तरी अजून पाहिलेली नाही.

म्हणजे आपल्या भाषेत आपल्याला जपायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी दिलेलं आहे. हे भाषेचं अपुरेपण की शहाणपण, यावर गेले काही महिने माझं डोकं चाललंय.

आधी माझा दिवस सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी इंदापुरात राहते आणि बारामतीला एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. मधे पन्नासेक किलोमीटर. एसटीने जाऊन-येऊन तीन तास जातात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचं निम्मं तिकीट झालं, त्यामुळे खिशाला परवडतं. वेळेला परवडत नाही एवढंच. पहाटे पावणेपाचला उठते. दोन वर्षांपूर्वी आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डाव्या अंगावरून वारं गेलं. त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, चहा-नाश्ता भरवणं, गोळ्या देणं. मग भाकऱ्या, भाजी, चार डबे. सव्वाआठची गाडी. दुपारी शेजारच्या काकू आत्याबाईंकडे डोकावून जातात. संध्याकाळी सातला मी घरात, आणि पर्स खुंटीला लावायच्या आधी गॅस पेटलेला. आमचे हे शेतात. ऊस आणि थोडं डाळिंब. वीज रात्रीची असली की त्यांची झोपही मोटारीच्या हवाली. मुलगा दहावीला, मुलगी सातवीला.

हे काही मी रडगाणं म्हणून सांगत नाहीये. माझ्या गाडीत रोज चढणाऱ्या दहा-बारा बायकांचा दिवस थोड्याफार फरकाने असाच आहे.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात तपासणीचं शिबिर झालं. माझं बीपी निघालं १५८ आणि १०२. डॉक्टरबाईंनी दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मग विचारलं, "दिवसात तुम्ही निवांत कधी बसता?"

मी म्हटलं, "एसटीत. जागा मिळाली तर."

त्या हसल्या नाहीत. वय विचारलं, घरात कुणाला अर्धांगवायू झालाय का विचारलं. सासूबाईंना, म्हटलं. माहेरी? वडिलांना, म्हटलं. मग त्यांनी गोळी लिहून दिली आणि खाली चार ओळी लिहिल्या: मीठ कमी, रोज अर्धा तास भरभर चालणे, सात तास झोप, ताण कमी. सगळं बरोबरच होतं. पण बसमध्ये तो कागद वाचताना माझ्या मनात आलं, की माझ्या कामांच्या यादीत आज चार कामं वाढली. आणि चौथं तर असं, की ते कुठल्या दुकानात मिळतं तेही माहीत नाही.

सेल्फ केअरच्या सगळ्या सल्ल्यांची मला हीच अडचण वाटते. सल्ला बाईला मिळतो आणि वेळ मात्र तिनेच तिच्या त्याच चोवीस तासांतून खणून काढायचा. केंद्र सरकारने लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली आहे, एकदा २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये. सहा वर्षांवरच्या माणसांत जी घरकाम करतात, त्यांत बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांची नऊ! बायकांची दहा मिनिटं पुरुषांनी उचलली असतील असा कुणाचा समज असेल, तर तोही गेला.

आणखी एक गोष्ट वाचनात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट' म्हणजे काय हे ठरवून दिलं. सतत गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं आणि हातून काही धड होत नाही असं वाटणं. कामाच्या जागी साचत गेलेल्या, आटोक्यात न आलेल्या ताणातून हे येतं. पुढे त्यांनी स्पष्टच म्हटलंय, की हा शब्द फक्त नोकरी-व्यवसायासाठी वापरायचा, आयुष्याच्या बाकीच्या भागांसाठी नाही. शास्त्राची काही कारणं असतील. पण माझ्यासारखीला प्रश्न पडतो: पतसंस्थेत मी आठ तास काढते, त्यातून दमले तर त्याला नाव आहे. पहाटे पावणेपाच ते आठ आणि संध्याकाळी सात ते अकरा जे दमते, ते बिनानावाचं?

गमतीचा भाग म्हणजे आमच्याच भागात शहरातली माणसं ताण घालवायला येतात. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. बारामती तालुक्यात गेली वीसेक वर्षं कृषी पर्यटन चालू आहे. बैलगाडीत बसायचं, हुरडा खायचा, झाडाखाली पडायचं, चुलीवरचं पिठलं-भाकरी खाऊन "काय शांतता आहे हो इथे" म्हणायचं. त्यांचा आनंद खरा आहे, मी नावं ठेवत नाही. पण ती भाकरी थापणारी कुणीतरी आमच्यातलीच असते, आणि तिला ती शांतता धुरातून बघावी लागते. एकच झाड, एकच वारा. एकीला विश्रांती आणि दुसरीला ड्यूटी. म्हणजे विश्रांती काही जागेत नसते, हे तरी नक्की.

मग कशात असते? याचं उत्तर मला आषाढात सापडायला लागलं.

तुकोबांची पालखी आमच्या दारावरून जाते. देहूहून निघते, पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीला येते. पुढे काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला अश्वांचं गोल रिंगण. सणसर, निमगाव केतकी करत पालखी इंदापूरला मुक्कामाला. मी ज्या रस्त्याने दीड तासात जाते, तिथे पालखीला तीन-चार दिवस लागतात. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला. म्हणजे साडेतीनशे वर्षांच्या आसपास ही माणसं हा रस्ता चालतायत. आता इतकी वर्षं लाखो माणसं अठरा-वीस दिवस चालतात आणि पोचतात, ती काय प्रत्येकाच्या इच्छाशक्तीवर? नाही. ठिकाणं ठरलेली आहेत. सकाळचा विसावा कुठे, दुपारचं जेवण कुठे, मुक्काम कुठे, हे निघायच्या आधी छापून येतं. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन तंबू ठोकतो, स्वयंपाकाला लागतो. चालणाऱ्याने ठरलेल्या झाडाखाली पोचायचं आणि टेकायचं. अंतर किती उरलंय, हा प्रश्न तिथे नसतो. पंढरपूर लांबच असतं. तरी विसावा होतो.

आमच्याकडे एका दिंडीची पंगत असते. (पालखीचा विसावा म्हणजे इंदापूरच्या बायकांची पळापळ, हे जाता जाता नोंदवून ठेवते.) यंदा त्यातल्या एक आजी, सत्तरीच्या असतील, परभणीकडच्या, जेवण झाल्यावर आमच्या ओट्यावरच डोक्याखाली पिशवी घेऊन आडव्या झाल्या. बाजूला स्पीकर, पोरांचा गोंधळ, भांड्यांचा ढीग. आजी पाच मिनिटांत घोरायला लागल्या. अर्ध्या तासाने उठल्या, तोंडावर पाणी मारलं. मी म्हटलं, "आजी, एवढ्या गलक्यात झोप कशी लागली?"

म्हणाल्या, "आगं बाई, इसावा बी चालन्यातच येतो. त्यो सोडला तर वाखरीबी गाठायची न्हाई मी."

मग थोड्या वेळाने, लुगड्याचा पदर झटकत, "घरी न्हाई बरं मला अशी झोप लागत. हितं कोनाला इचारावं लागत न्हाई."

ते दुसरं वाक्य माझ्या डोक्यात जास्त राहिलं. घरी का लागत नाही? कारण घरी विसावा ठरलेला नाही. घरी काम संपलं की बसायचं, आणि काम तर संपत नसतं. वारीत तो ठरलेला आहे, आणि तेवढा वेळ तिच्या वाटचं काम कुणीतरी उचललेलं आहे.

हे एकदा दिसल्यावर मला आसपास सगळीकडे तेच दिसायला लागलं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आमच्या भागात ब्रिटिशांच्या काळापासून फिरतंय, त्याला शेजपाळी आहे. कुणाच्या शेताला कधी पाणी, हे ठरलेलं. भांडणं होतात, पण पाळी असते म्हणून भांडता तरी येतं. भवानीनगरचा कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो. तिथे शिफ्ट आहे, भोंगा झाला की एक जण बाहेर आणि दुसरा आत. आणि गावच्या सप्ताहात विण्याचा पहारा असतो. अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस, सात रात्री विणा जमिनीला टेकवायचा नसतो. म्हणून काय एकच माणूस सात दिवस उभा राहतो का? देवळाच्या भिंतीवर कागद लावलेला असतो. अमुक ते अमुक वाजेपर्यंत अमुक. वेळ झाली की पुढचा माणूस येतो, पाया पडतो, विणा आपल्या गळ्यात घेतो. आधीचा घरी जाऊन झोपतो. त्याला कुणी आळशी म्हणत नाही, त्यालाही अपराधी वाटत नाही. विणा खाली ठेवला नाही ना, मग झालं!

पाण्याला पाळी, कारखान्याला शिफ्ट, विण्याला पहारा. आमच्या गावांना हे सगळं जमतं. फक्त स्वयंपाकघराला आणि आजाऱ्याच्या खाटेला यातलं काही नाही. तिथला विणा एकदा जिच्या गळ्यात पडला, तिच्याच गळ्यात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हंगामात आमच्या शिवारात बीड आणि मराठवाड्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली. बाई अंधारात उठून भाकऱ्या करते, मग फडात, मग मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची, आणि खोपीवर आल्यावर पुन्हा चूल. एक दिवस काम चुकलं की त्याला 'खाडा' म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीच्या दिवसांत खाडा होतो, हेही त्यामागचं एक कारण म्हणून तेव्हा बोललं गेलं. विसाव्याला दंड असला की माणूस कुठवर जातं, हे त्यातून दिसलं. त्या बाईला मी "स्वतःसाठी वेळ काढ" कुठल्या तोंडाने सांगू? तिचा विसावा तिच्या मनावर नाही, मुकादमाच्या वहीवर आहे. वही बदलल्याशिवाय तो मिळणार नाही.

माझ्या घरात मुकादम नाही. वही मात्र होती. कुणी लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. तेव्हा ती तरी बदलता येते का बघू, म्हणून पालखी पुढे गेल्यावर एका रात्री मी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर सात रकाने आखले आणि जेवताना सगळ्यांसमोर ठेवले. रोज संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ: पहारा कुणाचा?

ह्यांनी कागद पाहिला. "म्हणजे तू कुठं जाणार?"

"कुठं नाही. कॉलेजच्या रस्त्याने चालून येणार. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आणि आईचं?"

"तेच तर ठरवायचंय."

आत्याबाई पलंगावरून ऐकत होत्या. त्यांची जीभ थोडी जड झाली आहे, पण शब्द कळतात. म्हणाल्या, "माझं वझं झालं का तुला?" खरं सांगते, त्या क्षणी कागद फाडून टाकावासा वाटला. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "आत्या, बाबांना झालं, तुम्हाला झालं. आता मला झालं तर आपल्या दोघींचं कोण करणार?" त्या काही बोलल्या नाहीत. चांगल्या हाताने माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. ते 'हो' होतं की नाही, मला आजही सांगता यायचं नाही.

पहारा मुलाला दिला. मुद्दाम. मुलगी स्वतःहून पुढे आली होती, पण तिच्याकडे दिला असता तर एका बाईच्या गळ्यातला विणा दुसरीच्या गळ्यात गेला असता, पहारा काही झाला नसता. दहावीचं वर्ष आहे, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी पंचेचाळीस मिनिटांत बोर्ड बुडत नाही, यावर एकमत झालं. सोमवार, मंगळवार, गुरुवार मुलगा. शुक्रवार, शनिवार हे. रविवारी सकाळी अकरापर्यंत सगळंच ह्यांच्याकडे, कारण रविवारी मी झोपते. आत्याबाई नातवाच्या हातून जरा जास्तच जेवतात, असं माझ्या लक्षात आलं आहे. त्यात थोडी मत्सराची कळ येते, ती मी चालताना जिरवते.

फार मोठं काही घडलेलं नाही. ऑक्टोबरात बीपी मोजलं, १३६ आणि ८८. गोळी चालूच आहे, आणि चालण्याने गोळी सुटेल असं डॉक्टरबाईंनी मुळीच म्हटलेलं नाही. ऊस तुटायला आला तेव्हा पंधरा दिवस कागद नुसता भिंतीवर लटकत होता. पण कागद होता म्हणून सोळाव्या दिवशी मुलगाच म्हणाला, "आई, आज सोमवार. जा ना." हे मनातल्या निश्चयाने झालं नसतं. निश्चय मोडला की आपल्यालाच लाज वाटते आणि आपण तो विषय काढत नाही. कागद मोडला तर दुसरं कुणीतरी आठवण करतं.

चालताना मी विशेष काही विचार करत नाही. पहिली दहा मिनिटं उद्याची भाजी. मग तीही जाते.

तुमच्या घरी कदाचित आत्याबाई नसतील, लहान बाळ असेल, किंवा दुकान असेल, किंवा रात्रपाळी. पण तीन प्रश्न तेच असतील असं मला वाटतं. विसाव्याची वेळ कुठली? जागा कुठली? आणि तेवढा वेळ विणा कुणाच्या गळ्यात? पहिले दोन आपल्याला एकट्याने सोडवता येतात. तिसऱ्याला माणूस लागतो, आणि तो मागावा लागतो. सगळे सल्ले पहिल्या दोघांवरच थांबतात, म्हणून ते टिकत नाहीत. आणि मागायला घरात कुणीच नसेल, किंवा दम इतका लागला असेल की रात्र रात्र डोळा लागत नाही, रडू आवरत नाही, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर लिहून ठेवा. २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता एक काम उरलंय. त्या कागदावर ह्यांचा पहारा आहे, पण ह्यांचा विसावा नाही. रात्री मोटार, दिवसा फवारणी, आणि डाळिंबाच्या भावाची चिंता कुणाला बोलून दाखवायची नाही. शेजारच्या रानातल्या भाऊंशी बोलून एक रात्र त्यांनी आणि एक रात्र ह्यांनी, दोघांच्याही मोटारी बघायच्या, असं सुचवलंय. दोघंही "बघू" म्हणालेत. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही नसतं, पण ऊस उभा असेपर्यंत हो पण नसतं. आणि बुधवारचा रकाना अजून रिकामाच आहे. नणंदबाई बारामतीतच असतात. येत्या रविवारी त्या आत्याबाईंना भेटायला येणार आहेत, तेव्हा चहा झाल्यावर कागद त्यांच्यापुढे ठेवावा म्हणते.